मोठ्या पडद्यावरचे लहान अक्षर

खिळ्यांच्या छपाईच्या काळात मुद्रितशोधकाचे साहित्य मोजके असे. समोर ओलसर मुद्रित, हातात लाल शाईची लेखणी आणि दृष्टी साथ देईनाशी झाली की जवळ एक भिंग. आज मजकूर कागदावर उमटण्यापूर्वीच पडद्यावर वाचला व सुधारला जातो. भिंगाची जागा पडद्याने घेतली. अक्षर स्पष्ट दिसण्याची गरज मात्र तसूभरही कमी झालेली नाही.

रायपूरसारख्या शहरात ही गरज विशेष जाणवते. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून छत्तीसगढात मराठी कुटुंबे स्थायिक होत आली. माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले, पुढे लोकमान्य टिळकांचा 'गीतारहस्य' हा ग्रंथ हिंदीत आणला, आणि १९२६ साली रायपूर येथेच त्यांचे निधन झाले. दोन भाषा आणि एक लिपी यांच्यामध्ये चालणारे हे काम तेथे आजही चालू आहे. देवनागरीत एका वेलांटीने वा उकाराने अर्थ पालटतो. 'सुत' म्हणजे पुत्र आणि 'सूत' म्हणजे धागा. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. 'घ' आणि 'ध', 'द्ध' आणि 'द्व' यांतील भेद तर केसाएवढ्या रेषेवर अवलंबून असतो. ही रेषा पडद्याने पुसट केली, तर वाचणाऱ्याची विद्वत्ता तेथे उपयोगी पडत नाही.

रायपूरमधील अशाच एका मुद्रितशोधकाची कल्पना करावी. वय पन्नाशीच्या पुढे, लॅपटॉपचा पडदा पंधरा इंचांचा. डोळ्यांना ताण पडू लागला म्हणून त्याने सत्तावीस इंचांचा, उच्च प्रतीचा मॉनिटर विकत आणला. घरात होती ती केबल जोडली. चित्र उमटले, पण अक्षरांच्या कडा अंधुक, आणि माउसचा बाण धक्के खात सरकणारा. मॉनिटरच सदोष आहे, असा निष्कर्ष त्याने काढला. हा निष्कर्ष बहुधा चुकीचा असतो. तो का चुकीचा असतो, हे समजण्यासाठी प्रथम थोडा हिशेब करावा लागेल.

बिंदूंचा हिशेब

पडद्यावरील चित्र असंख्य सूक्ष्म बिंदूंचे बनलेले असते. या बिंदूंना पिक्सेल म्हणतात. 'फुल एचडी' पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे एकूण २०,७३,६०० बिंदू असतात. 'फोर-के' या नावाने विकल्या जाणाऱ्या मॉनिटरवर आडवे ३८४० आणि उभे २१६०, म्हणजे एकूण ८२,९४,४०० बिंदू असतात. ही संख्या बरोबर चौपट आहे.

या चौपटीचा अक्षराला काय लाभ होतो? सत्तावीस इंची पडद्याची रुंदी सुमारे साठ सेंटिमीटर असते. त्यात १९२० बिंदू बसविले तर एका बिंदूची रुंदी सुमारे ०.३१ मिलिमीटर होते. ३८४० बसविले तर ती ०.१६ मिलिमीटरपर्यंत उतरते. निकोप डोळ्याला पासष्ट सेंटिमीटरवरून साधारणपणे ०.१९ मिलिमीटरपर्यंतचा भेद ओळखता येतो. म्हणजे पहिल्या पडद्यावर बिंदू जाणवतात आणि अनुस्वार चौकोनी भासतो; दुसऱ्यावर बिंदू दृष्टीआड होतात आणि अक्षर छापील अक्षरासारखे सलग दिसते. आकाराने मोठा पण बिंदूंनी विरळ असा पडदा वाचकाला फारसे काही देत नाही, हेही यावरून ध्यानात येईल.

कालव्याचा अरुंद भाग

आता दुसरी बाजू पाहू. हे ब्याऐंशी लाख बिंदू पडद्यावर एकदाच काढून भागत नाही. सर्वसाधारण मॉनिटरवर संपूर्ण चित्र सेकंदाला साठ वेळा नव्याने रेखाटले जाते. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी चोवीस बिट माहिती लागते. या तिन्ही संख्यांचा गुणाकार केला, तर सेकंदाला सुमारे ११९४ कोटी बिट एवढी माहिती लॅपटॉपकडून मॉनिटरकडे जावी लागते. दोन चित्रांमधील व दोन ओळींमधील मोकळा अवधी प्रचलित मानकाप्रमाणे धरल्यास ही गरज सुमारे १४२६ कोटींवर जाते.

गंगरेल धरणातून सोडलेले पाणी महानदीच्या कालव्यातून रायपूरकडील भातशेतीपर्यंत येते. धरण भरलेले असले आणि शेत कितीही मोठे असले, तरी शेताला मिळणारे पाणी कालव्याच्या सर्वांत अरुंद भागातून जेवढे वाहील तेवढेच असते. येथेही तसेच आहे. लॅपटॉपचा चित्रविभाग, त्याचे पोर्ट, मध्ये असल्यास अ‍ॅडॉप्टर, केबल, आणि मॉनिटरवरील पोर्ट या पाचांपैकी एक जरी अरुंद असले, तरी संपूर्ण जोडणी त्याच्याच मापाने चालते.

एचडीएमआय या जोडणीची १.४ ही आवृत्ती २००९ साली आली. तिच्यातून सेकंदाला जास्तीत जास्त ८१६ कोटी बिट चित्रमाहिती जाते. फोर-के चित्र सेकंदाला तीस वेळा पाठवायचे तर ७१३ कोटी पुरतात. साठ वेळा पाठवायचे तर ती अपुरी पडते. २०१३ सालच्या २.० आवृत्तीने ही क्षमता १४४० कोटींवर नेली आणि साठ वेळांची अडचण दूर झाली. डिस्प्लेपोर्ट या दुसऱ्या जोडणीत हे सामर्थ्य २०१० सालच्या १.२ आवृत्तीपासूनच आहे. तिची क्षमता १७२८ कोटींची आहे.

जोडणीच्या क्षणी मॉनिटर आपली कुवत लॅपटॉपला स्वतःहून कळवितो, आणि लॅपटॉप दोघांना झेपेल अशी रीत निवडतो. वाट अरुंद असेल तर तो चित्र बंद ठेवीत नाही, काटकसर करतो. कधी तो साठांऐवजी तीसच चित्रे पाठवितो. मग दोन चित्रांमधील अंतर सतरा सहस्रांश सेकंदांवरून तेहतीसवर जाते आणि बाण अडखळत सरकतो. कधी तो रंगांची माहिती कमी करतो. प्रत्येक बिंदूचा उजेड स्वतंत्र ठेवतो, परंतु रंग शेजारच्या बिंदूंमध्ये वाटून देतो. चलच्चित्रात ही काटकसर लक्षात येत नाही. मजकुरात मात्र, विशेषतः रंगीत अक्षरांच्या कडा लगेच भुरकट होतात. लाल खुणांनी काम करणाऱ्या मुद्रितशोधकाला हा दोष सर्वांआधी दिसावा, हे स्वाभाविकच आहे.

सारखे तोंड, निराळे गुण

अलीकडच्या लॅपटॉपवर यूएसबी-सी नावाचे लहान, लंबगोल पोर्ट असते. २०१४ साली ठरलेल्या या रचनेत एकाच केबलमधून वीज, माहिती आणि चित्र नेता येते. सोय मोठी आहे. पण फसगतही येथेच होते. या आकाराचे प्रत्येक पोर्ट चित्र पाठवितेच असे नाही. काही केवळ वीज व माहितीपुरती असतात. फोनच्या चार्जरसोबत मिळणारी केबल बाहेरून तशीच दिसली, तरी तिच्यात चित्र वाहून नेणाऱ्या तारा बहुधा नसतात.

अनेक जोडण्या एकत्र देणाऱ्या लहान हबचे गणितही समजून घेण्यासारखे आहे. यूएसबी-सीमध्ये वेगवान माहितीसाठी चार वाटा असतात. वेगवान यूएसबी साधनांसाठी हब त्यांतील दोन राखून ठेवतो, तेव्हा चित्राला दोनच उरतात. डिस्प्लेपोर्ट १.२ च्या वेगाने त्या दोन वाटांतून ८६४ कोटी बिट जातात, म्हणजे फोर-के चित्र पुन्हा सेकंदाला तीस वेळांवरच अडते. म्हणून हब विकत घेताना केवळ 'फोर-के' हे शब्द न पाहता त्यापुढे साठ हर्ट्‌झ असे लिहिले आहे काय, ते पाहावे.

जोडणीनंतरची मांडणी

वाट पुरेशी रुंद असूनही चित्र बिघडू शकते. लॅपटॉप व मॉनिटर या दोहोंवर एकच चित्र दाखविण्याची 'डुप्लिकेट' ही मांडणी निवडलेली असेल, तर दोघांसाठी एकच बिंदुसंख्या धरली जाते आणि बहुधा लहान पडद्याचे माप मोठ्यावर ताणले जाते. अशा वेळी 'एक्स्टेंड' ही मांडणी निवडावी. विंडोज प्रणालीत विंडोजचे बटण दाबून धरून 'पी' दाबले की ही निवड समोर येते.

दुसरी तक्रार नेमकी उलट असते: अक्षर रेखीव आहे, पण फार बारीक आहे. म्हणून अनेक जण बिंदुसंख्याच कमी करतात. हा उपाय रोगापेक्षा वाईट होय, कारण त्यामुळे खर्चून मिळविलेली रेखीवता वाया जाते. बिंदुसंख्या पूर्ण ३८४० गुणिले २१६० ठेवून 'स्केल' दीडशे टक्के करावे. मग अक्षर मोठे होते आणि ते घडविण्यास अधिक बिंदू वापरले जातात.

दोष शोधण्याचा क्रम

मॉनिटर परत करण्यापूर्वी पुढील क्रमाने पाहावे. प्रथम प्रणालीच्या 'डिस्प्ले' विभागात बिंदुसंख्या आणि रिफ्रेश रेट वाचावा. तीस दिसल्यास तेथे साठ निवडता येतो काय, ते पाहावे. नसेल, तर मॉनिटरच्या स्वतःच्या यादीत एचडीएमआयची आवृत्ती जुनी ठेवलेली नाही ना, हे तपासावे. काही मॉनिटरांत ती हाताने बदलावी लागते. नंतर हब वा अ‍ॅडॉप्टर काढून थेट जोडणी करावी. त्यानंतर केबल बदलावी. एचडीएमआयसाठी 'प्रीमियम हाय स्पीड' अशी प्रमाणित केबल पुरते. चित्र मधूनमधून काळे होत असेल, तर संशय प्रथम केबलवरच घ्यावा. एवढे करूनही साठ न मिळाल्यास लॅपटॉपच्या माहितीपत्रकात त्याच्या पोर्टची आवृत्ती पाहावी. तेथे १.४ असेल, तर दोष कोणाचाच नाही. ती त्या यंत्राची मर्यादा आहे. त्याच लॅपटॉपवर चित्र देणारे यूएसबी-सी पोर्ट असल्यास तो मार्ग वापरून पाहावा.

रायपूरच्या त्या मुद्रितशोधकाच्या घरी दोष जुन्या केबलचा असेल किंवा चुकीच्या मांडणीचा. दोन्ही प्रसंगी नव्या मॉनिटरचा खर्च वाचतो, आणि 'सुत' व 'सूत' यांतील भेद पुन्हा विनासायास दिसू लागतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदलानंतर अक्षराकडे पाहावे, एवढी शिस्त पाळली म्हणजे पुरे.