समुद्रावरचे घर

प्रस्तावना

विद्यार्थिमित्रहो, 'घर' हा शब्द उच्चारला की तुमच्या डोळ्यांसमोर काय उभे राहते? भिंती, छप्पर, खिडकी, चूल, पाण्याचा माठ आणि रात्री पाठ टेकण्यापुरती जागा. हाच संसार डोलणाऱ्या बोटीवर मांडायचा झाला, आणि तोही भर उन्हाळ्यात, तर काय करावे लागेल? चेन्नईच्या काशिमेडू बंदरातून खोल समुद्रात जाणारे मच्छीमार वर्षातील कितीतरी दिवस अशा घरात राहतात. त्या घराची ओळख आपण या माहितीपर पाठातून करून घेणार आहोत.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :
- मासेमारी बोटीवरील दैनंदिन जीवनाचे स्वतःच्या शब्दांत वर्णन करणे;
- कोरडा उन्हाळा व दमट उन्हाळा यांतील फरक सांगणे;
- बोटीवरील उकाडा कमी करण्याचे उपाय कारणांसह स्पष्ट करणे;
- श्रमिकांच्या निवासाविषयी स्वतःचे मत मांडणे.

मूळ पाठ

चेन्नई बंदराच्या उत्तरेला काशिमेडू हे मासेमारी बंदर आहे. एरवी येथे पहाटेपासून मासळीचा लिलाव, बर्फाच्या गाड्या आणि इंजिनांचा आवाज यांची गर्दी असते. मे महिन्यात मात्र दृश्य बदलते. मोठ्या यांत्रिक बोटी एकमेकींना खेटून स्वस्थ उभ्या असतात. काही बोटी पाण्याबाहेर ओढून घेतलेल्या दिसतात. कोणी त्यांचा गंज खरवडत असतो, कोणी फळ्यांच्या सांधी बुजवीत असतो, तर कोणी रंगाचा हात देत असतो. सावलीत बसून जाळी विणणारेही भेटतात.

याचे कारण आहे मासेमारीबंदी. माशांना प्रजननासाठी उसंत मिळावी म्हणून तमिळनाडूच्या पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून या काळात यांत्रिक बोटींना समुद्रात जाण्यास मनाई असते. पूर्वी ही बंदी ४५ दिवसांची होती. २०१७ पासून ती ६१ दिवसांची झाली. आपल्या कोकणात अशी बंदी पावसाळ्यात येते. तेथे बोट किनाऱ्यावर ओढून, पावसापासून वाचविण्यासाठी शाकारून ठेवतात. चेन्नईत ती येते ऐन उन्हाळ्यात. म्हणून कोकणातील बोटीची विश्रांती पावसात, तर चेन्नईतील बोटीची डागडुजी उन्हात, असा हा फरक आहे.

तमिळ लोक मे महिन्यातील सुमारे पंचवीस दिवसांना 'अग्नी नक्षत्रम्' म्हणतात. आपला शेतकरी मृग नक्षत्राकडे पावसासाठी डोळे लावून बसतो. तेथील माणूस या नक्षत्राचे दिवस संपण्याची वाट पाहतो. दुपारच्या सुमारास समुद्राकडून येणारा वारा हाच चेन्नईचा मोठा दिलासा. जमीन लवकर तापते, तिच्यावरील हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरील थंड हवा धावून येते. परंतु पश्चिमेकडून येणारे जमिनीवरील उष्ण वारे जोरात असले, म्हणजे हा सागरी वारा उशिरा येतो आणि पारा चढत राहतो. ३१ मे २००३ रोजी चेन्नईत ४५ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती.

बंदी उठली तरी उन्हाची काहिली लगेच ओसरत नाही. अशा दिवसांत बोटी पुन्हा समुद्रात जातात. काही बोटी एक-दोन दिवसांत परततात, तर काही आठवडा-दोन आठवडे समुद्रावरच राहतात. एवढ्या दिवसांचा शिधा, डिझेल, बर्फ आणि गोडे पाणी सोबत न्यावे लागते. चहूबाजूंना अथांग पाणी असते. पण पिण्याचे पाणी तेवढेच, जेवढे पिंपांत भरून आणलेले! म्हणून भांडी घासणे, कपडे धुणे, अंग धुणे ही कामे खाऱ्या पाण्यावर भागवितात आणि गोडे पाणी पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी राखतात. गॅसच्या शेगडीवर भात शिजतो आणि ताज्या मासळीचे कालवण होते. रात्रीचा उरलेला भात पाण्यात भिजवून सकाळी खाण्याची रीत तमिळनाडूत सर्वत्र आहे. कोकणातील पेजेप्रमाणेच हे अन्न उन्हाळ्यात पोटाला थंडावा देते. झोपेला ठरावीक वेळ नसते. जाळे टाकल्यानंतर ते ओढेपर्यंत जो अवधी मिळतो, तीच रात्र.

पाठगत प्रश्न १

(अ) चेन्नईतील बोटींची दुरुस्ती प्रामुख्याने कोणत्या काळात होते? का?
(आ) बोटीवर गोडे पाणी कोणत्या कामांसाठी राखून ठेवतात?

आता या घराच्या उकाड्याचा विचार करू. विदर्भातील उन्हाळा कोरडा असतो. तेथे दाराला वाळ्याची ताटी लावून तिच्यावर पाणी शिंपडले की खोली गार होते. कारण कोरड्या हवेत पाण्याची झपाट्याने वाफ होते आणि वाफ होताना ते भोवतालची उष्णता शोषून घेते. समुद्रावरील हवा मुळातच बाष्पाने भरलेली असते. तेथे ओल्या ताटीचा फारसा उपयोग होत नाही आणि अंगावरचा घामही वाळत नाही. यास्तव दमट उन्हाळ्यात दोनच गोष्टी माणसाच्या मदतीला येतात : सावली आणि वारा. बोटीवरील घराची प्रत्येक सुधारणा या दोन शब्दांत सामावलेली आहे.

पहिली सुधारणा छपराची. केबिनीचे छप्पर लोखंडी किंवा गडद रंगाचे असेल तर ते दिवसभर तापते आणि सूर्यास्तानंतरही आत उष्णता सोडत राहते. त्यावर पांढरा रंग दिल्यास बरेचसे ऊन परतविले जाते. छपराच्या वर वीतभर अंतर ठेवून ताडपत्री ताणली, तर मधल्या पोकळीतून वारा वाहतो आणि छप्पर तापतच नाही. ताडपत्री थेट छपरावर अंथरली, तर मात्र हा लाभ मिळत नाही. दुसरी सुधारणा खिडक्यांची. वाऱ्याला आत येण्यास जशी वाट हवी तशी बाहेर जाण्यासही हवी. म्हणून झरोके समोरासमोर असावेत. नांगरलेली बोट सहसा वाऱ्याकडे नाक करून उभी राहते. त्यामुळे पुढच्या बाजूचा झरोका सर्वांत मोलाचा. बंदरात बोटी खेटून उभ्या असल्या, म्हणजे हा वारा अडतो. बंदरातील बोटीवर जीव अधिक घाबरा होतो तो याचमुळे.

तिसरी सुधारणा बोटीतील उष्णतेच्या उगमांविषयीची. अनेक बोटींत इंजिन केबिनीच्या खालीच असते. वरून ऊन आणि खालून इंजिनाची धग अशा कोंडीत माणसे झोपतात. मधल्या तक्तपोशीखाली उष्णतारोधक थर बसविला आणि शेगडी झोपण्याच्या जागेपासून दूर नेली, तर ही कोंडी फुटते. पाण्याचे पिंप सावलीत ठेवणे, बॅटरीवर चालणारा लहान पंखा आणि त्यासाठी छपरावर सौरपट्टी बसविणे, ही कामेही बंदीच्या ६१ दिवसांत सहज होण्याजोगी आहेत.

येथे एक गोष्ट मनाला टोचते. उष्णतारोधक थराचे हे ज्ञान बोटीवर नवे नाही. बोटीच्या पोटातील मासळीच्या खणांना फोमचा जाड थर आधीपासूनच असतो. बर्फ वितळला तर मासळी नासते आणि तिचा भाव पडतो. त्यामुळे त्या खणांची डागडुजी कोणी चुकवीत नाही. इंजिन, जाळी आणि बर्फाचे खण यांवर खर्च झाल्यानंतर काही उरले, तर केबिनीचा विचार होतो. मालकाची बाजूही समजून घेतली पाहिजे. दोन महिने बोट उभी असते, उत्पन्न थांबलेले असते आणि डागडुजीचा खर्च समोर असतो. तरीही प्रश्न उरतोच : ज्या बोटीवर मासळीसाठी गारवा आहे, त्याच बोटीवर मासळी पकडणाऱ्या माणसासाठी तो का नसावा?

हा प्रश्न केवळ चेन्नईचा नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २००७ साली मासेमारीतील कामाविषयी एक करार संमत केला आणि तो २०१७ मध्ये अंमलात आला. बोटीवरील निवास, अन्न, पिण्याचे पाणी, विश्रांती आणि वैद्यकीय मदत या विषयांचा त्यात समावेश आहे. ज्याची झोप पुरी झालेली नाही, त्याचा हात यंत्रात सापडण्याची किंवा तोल जाण्याची भीती अधिक असते. तेव्हा सावली आणि वारा या खलाशासाठी चैनीच्या वस्तू नव्हेत. त्या त्याच्या सुरक्षिततेचा भाग आहेत.

जून महिन्याच्या मध्यावर बंदी उठते आणि रंगविलेल्या बोटी एकामागून एक समुद्राकडे निघतात. त्यांपैकी एखाद्या बोटीच्या छपरावर वीतभर उंचीवर ताणलेली ताडपत्री दिसली, तर समजावे, की येथे बोटीबरोबर बोटीवरच्या घराचीही आठवण कोणीतरी ठेवली आहे.

पाठगत प्रश्न २

(अ) वाळ्याची ताटी समुद्रावर फारशी उपयोगी का पडत नाही?
(आ) योग्य पर्याय निवडा : छप्पर तापू नये म्हणून ताडपत्री – (१) छपरावर अंथरावी (२) छपरापासून अंतर ठेवून ताणावी (३) ओली करून गुंडाळावी.

शब्दार्थ

शाकारणे – छपरावर झावळ्या, गवत इत्यादींचे आच्छादन घालणे
उसंत – विश्रांती, सवड
काहिली – अंगाची लाही होणे, तीव्र उष्णता
कालवण – भाताबरोबर खाण्याचा पातळ रस्सा
तक्तपोशी – फळ्यांचे आच्छादन

भाषाभ्यास

'कट्टुमरम्' हा तमिळ शब्द 'कट्टु' म्हणजे बांधणे आणि 'मरम्' म्हणजे लाकूड यांपासून बनला आहे. ओंडके एकत्र बांधून केलेला तराफा, असा त्याचा अर्थ. इंग्रजीत जाऊन त्याचे 'कॅटमरान' झाले. नांगर, शीड, सुकाणू, वल्हे हे मराठीतील नौकानयनाचे शब्द वाक्यांत वापरा. 'नांगर' या शब्दाचे दोन अर्थ लिहा.

पाठान्त प्रश्न

१. बोटीवरील दैनंदिन जीवनाचे आठ-दहा ओळींत वर्णन करा.
२. 'सावली आणि वारा' या दोन शब्दांत बोटीवरील सुधारणा कशा सामावल्या आहेत, ते सोदाहरण स्पष्ट करा.
३. बोटीचा मालक आणि खलाशी यांच्यात केबिनीच्या दुरुस्तीविषयी झालेला संवाद लिहा.
४. तुमच्या परिसरात उन्हात काम करणाऱ्या श्रमिकांच्या विश्रांतीच्या जागेचे निरीक्षण करा व तिच्यात कमी खर्चात करता येतील अशा तीन सुधारणा सुचवा.

उत्तरसूची

१ (अ) १५ एप्रिल ते १४ जून. या काळात यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. (आ) पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी.
२ (अ) हवा दमट असल्याने पाण्याची वाफ लवकर होत नाही. (आ) पर्याय (२).