वास्तू आणि वास्तुपाल : रुग्णालयातील सुविधा व्यवस्थापकाची आवश्यक कौशल्ये

रुग्णालय म्हटले की सर्वसामान्यांच्या डोळ्यांसमोर डॉक्टर आणि परिचारिका येतात, आणि ते योग्यच आहे. परंतु शस्त्रक्रियागृहातील दिवा, रुग्णशय्येजवळ पोहोचणारा प्राणवायू, नळाचे पाणी, उद्वाहन आणि कचऱ्याची पिशवी या साऱ्यांमागे आणखी एक व्यवस्था अहोरात्र राबत असते. तिच्या प्रमुखास आज ‘सुविधा व्यवस्थापक’ म्हणतात. आपल्या देणगीचा विनियोग समजून घेताना या कामाचे स्वरूपही वाचकांस ज्ञात व्हावे, या हेतूने प्रस्तुत लेख सादर करीत आहे.

१. सज्जता पारखण्याचे कौशल्य

आरंभी एक कबुली देणे आवश्यक आहे. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यातील एका रात्री आपल्या रुग्णालयाचा वीजपुरवठा खंडित झाला. जनरेटर सुरू झाला. मात्र अतिदक्षता विभागासह साऱ्या इमारतीचा भार त्यावर येताच काही मिनिटांत तो बंद पडला. यूपीएसच्या बॅटऱ्या जुन्या झालेल्या होत्या. त्यांनीही लवकरच साथ सोडली. कृत्रिम श्वसनयंत्रावरील एका वृद्ध रुग्णास दोन परिचारिकांनी आळीपाळीने अंबू बॅगेने श्वास दिला. वायरमनने विजेरीच्या उजेडात गाळ साचलेली डिझेलची गाळणी बदलली, नळीतील हवा काढली आणि सुमारे वीस मिनिटांनी दिवे आले. रुग्ण बचावला.

दुसऱ्या दिवशी मी नोंदवही उघडली. दर आठवड्यास ‘जनरेटर चालवून पाहिला, ठीक’ अशी नोंद होती आणि प्रत्येक नोंदीखाली माझी स्वाक्षरी होती. नोंद खोटी नव्हती. जनरेटर दर आठवड्यास दहा मिनिटे विनाभार चालविला जात असे आणि विनाभार तो उत्तमच चालत असे. वाणिज्य शाखेच्या पदवीधरास जमाखर्च जुळला की समाधान वाटते. माझेही तसेच झाले होते. यंत्र चालते की नाही आणि ते संकटसमयी चालेल की नाही, हे दोन भिन्न प्रश्न आहेत, हे मी त्या दिवशी शिकलो. तेव्हापासून चाचणी प्रत्यक्ष भारावर घेतली जाते आणि बॅटऱ्या बंद पडण्याची वाट न पाहता ठरलेल्या मुदतीस बदलल्या जातात.

२. साध्या गणिताचे कौशल्य

प्राणवायूच्या मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे ७ घनमीटर, म्हणजे ७,००० लिटर वायू असतो. मिनिटास १० लिटर प्राणवायू लागणाऱ्या एका रुग्णास तो पावणेबारा तासही पुरत नाही. अशा रुग्णास दिवसाला दोनहून थोडे अधिक सिलिंडर लागतात. हे त्रैराशिक प्रत्येक पाळीला मांडून, साठा किती तासांचा आहे आणि पुरवठादाराची गाडी येण्यास किती तास लागतात, याची सांगड घालावी लागते. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक येथील महापालिका रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीतून गळती होऊन पुरवठ्याचा दाब घटला आणि २० हून अधिक रुग्ण दगावले. साठा पुरेसा असूनही वाट खुंटू शकते. म्हणून पर्यायी सिलिंडर जोडून ठेवणे आणि कोणती झडप कोठे आहे हे प्रत्येक पाळीतील किमान दोघांस ठाऊक असणे, हाही त्याच गणिताचा भाग होय.

३. आगीची पूर्वकल्पना

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू विभागास आग लागून १० बालके मृत्युमुखी पडली. सामान्य हवेत प्राणवायूचे प्रमाण सुमारे २१ टक्के असते. ज्या कक्षात तो सतत वापरला जातो तेथे हे प्रमाण वाढू शकते आणि लहानशी ठिणगीही झपाट्याने पसरते. तेथील वातानुकूलन यंत्रे व उपकरणे चोवीस तास चालू असतात. नवे उपकरण आले की जुन्या वायरिंगवर भार वाढतो. म्हणून देणगीदाखल आलेले यंत्र जोडण्यापूर्वी त्या मंडलाची क्षमता तपासणे अगत्याचे असते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये परवानाधारक संस्थेकडून जानेवारी व जुलै असे वर्षातून दोनदा प्रमाणपत्र घ्यावे लागते. तथापि प्रमाणपत्र हा कागद आहे. अंधारात, धुरात, खाटेवरील रुग्णास कोणत्या जिन्याने खाली न्यावयाचे, हे केवळ सरावानेच समजते.

४. पाण्याची पारख

डायलिसिसच्या यंत्रात मिनिटाला साधारणतः ५०० मिलिलिटर द्राव वाहतो. चार तासांच्या एका उपचारात १२० लिटर द्राव रुग्णाच्या रक्ताशी केवळ एका पातळ पटलाच्या अंतराने संपर्कात येतो. जे क्लोरीनयुक्त पाणी आपण निर्धास्तपणे पितो, तेच येथे तांबड्या रक्तपेशी नष्ट करू शकते. यास्तव क्लोरीनची चाचणी प्रत्येक पाळीच्या प्रारंभी व्हावी लागते. कार्बन गाळणीचा खर्च टाळण्याजोगा नाही.

५. माणसांचे ऐकण्याचे कौशल्य

इमारतीतील बिघाड प्रथम ज्यांना कळतो त्यांच्या हाती बहुधा अधिकार नसतो. भिंतीची ओल सफाई करणाऱ्या मावशींना दिसते, पंपाचा बदललेला आवाज रखवालदारास ऐकू येतो. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार पिवळा, लाल, पांढरा आणि निळा असे वर्गीकरण करावे लागते आणि प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांहून अधिक काळ ठेवता येत नाही. हा नियम प्रत्यक्षात मावशींच्याच हातून पाळला जातो. चुकीच्या पिशवीतील सुई प्रथम त्यांच्याच हाताला टोचते. त्यांनी सांगितलेली तक्रार त्याच दिवशी नोंदविणे आणि तिचे पुढे काय झाले हे त्यांना कळविणे, हे मी या पदाचे सर्वांत अवघड कौशल्य मानतो.

विनंती

नव्या यंत्रावर देणगीदारांचे नाव कोरताना आम्हांस आनंदच होतो. परंतु डिझेलच्या गाळणीवर, बॅटरीवर वा झडपेवर कोणाचेही नाव कोरता येत नाही आणि त्यामुळे देखभालीच्या निधीस सहसा देणगी येत नाही. त्या रात्री अडले होते ते याच वस्तूंपाशी. यंत्रासाठी देणगी देताना त्याच्या देखभालीचाही काही अंश त्यात अंतर्भूत करावा, ही नम्र प्रार्थना. रुग्णांच्या आप्तांनीही जिन्यांत सामान ठेवू नये, कक्षातील प्लगांवर शेगडी वा स्वतःची उपकरणे लावू नयेत आणि काही बिघाड दिसल्यास संकोच न करता कळवावे.

ज्या वृद्ध गृहस्थांचा वर उल्लेख केला, ते बरे होऊन घरी गेले. निरोप घेताना त्यांनी त्या दोन परिचारिकांना हात जोडले. नोंदवहीवर स्वाक्षरी करताना ते जोडलेले हात मला आजही आठवतात.