पुठ्ठ्याच्या इंजिनाला कामाचा रंग

विज्ञान प्रदर्शनासाठी पुठ्ठ्याचं रेल्वे इंजिन पुष्कळ जण करतात. आकार छान जमतो, मग वरून चकचकीत काळा रंग फासला की झालं खेळणं! खरं वाफेचं इंजिन तसं दिसत नसे. ते कोळसा खाई, पाणी पिई, धूर ओकी आणि दिवसभर धुळीतून धावे. ते सगळं त्याच्या अंगावर दिसायचं. रंगात ते कसं आणायचं, ते पाहू.

नमुना म्हणून 'डब्ल्यूजी' हे मालगाडीचं इंजिन घेऊ. पश्चिम बंगालमधल्या चित्तरंजन कारखान्यात १९५० साली तयार झालेलं पहिलं इंजिन, 'देशबंधू', याच जातीचं. ब्रॉडगेजवरची वाफेच्या इंजिनांची नेहमीची वाहतूक १९९५ साली थांबली. तेव्हा ती पाहिलेले आजी-आजोबा घरी असतील तर त्यांना जरूर विचारा.

आधी मूळ रंग. बाटलीतला काळा जसाच्या तसा लावू नका. मॉडेल खऱ्याच्या १/४० असेल आणि आपण ते २ फुटांवरून पाहत असू, तर ते खरं इंजिन ८० फुटांवरून पाहण्यासारखं झालं. एवढ्या लांबून, उन्हात, काळा पत्रा करडा भासतो. म्हणून १० थेंब काळ्यात १ थेंब पांढरा आणि चिमूटभर तपकिरी मिसळा. पोस्टर कलर वाळल्यावर फिका होतो, तेव्हा आधी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लावून बघा. पुढच्या लाल पट्टीचा भडकपणाही असाच कमी करायचा.

आता मळ. इथंच बहुतेकांची गडबड होते. सगळीकडे सारखाच तपकिरी रंग थापतात. प्रत्येक डागाला कारण हवं, बरं का! पाणी तापवायच्या बंबात पांढरा थर बसतो ना? बॉयलरच्या पाण्यातही क्षार असत. वाफ किंवा पाणी जिथून गळे, तिथून खाली पांढरट ओघळ येत. ते खडूची पूड पाण्यात कालवून बारीक ब्रशनं वरून खाली ओढा. दोन-चार पुरेत. धुराड्याभोवती चुलीची काजळी बोटानं हलकेच चोळा.

गंज पाहिजे तो कोळशाच्या गाडीत आतल्या बाजूला, कारण कोळसा रंग खरवडून काढी आणि वर पाणी पडे. त्यासाठी गेरू उत्तम. चाकांच्या आऱ्यांवर तेल आणि धूळ यांचा मळकट तपकिरी थर असे. ब्रेकचे बिडाचे ठोकळे चाकावर घासून उडणारी भुकटीही तिथंच बसे. मात्र चाकाची रुळावर टेकणारी कड घासून लखलखीत राही, तिथं पेन्सिलीचं शिसं घासा.

शेवटची जागा मला सगळ्यांत आवडते. चालक आणि फायरमन ज्या दांड्या धरून वर चढत, त्यांचा रंग हातांनी झिजून आतलं लोखंड दिसे. त्या दांड्यांवरही शिसं घासा, पण फक्त हात पोचेल तेवढ्याच उंचीवर.