गोऱ्ह्यास शिकविण्याची रीत
गोऱ्ह्यास जुवाला जुंपण्यापूर्वी दाव्याने चालावयास शिकवावे. दावे ताणल्याने गोऱ्हा शिकत नाही. ताण सुटल्याने शिकतो. म्हणून त्याने पाऊल टाकताच दावे सैल करावे. त्रास दूर झाल्याने वर्तन दृढ होणे, यास मानसशास्त्रात ऋण प्रबलन म्हणतात. ही शिक्षा नव्हे; शिक्षेने वर्तन दबते.

फर्स्टर व स्किनर यांनी १९५७ साली कबुतरांवरील प्रयोगांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. अधूनमधून फळ मिळून जडलेली सवय, फळ थांबल्यावरही दीर्घकाळ टिकते. यास्तव पेंडीचा घास आरंभी दर वेळी, पुढे अधूनमधून द्यावा. मात्र गोऱ्हा अडून बसल्यावर कधीमधी दावे सोडल्यास अडण्याची खोडही तशीच पक्की होते. घरातील सर्वांनी एकच रीत पाळावी.