गप्प बसणारे मूल



आपण पाठवलेल्या वह्या, दप्तरे आणि गणवेश मुलांपर्यंत पोहोचतात, त्याचा हिशेब या अंकात दुसरीकडे आहेच. मला सांगायचे आहे ते पुढचे. नवा गणवेश घालून मूल वर्गात बसते, तेव्हा त्याच्या कानांवर जे पडते त्यातले त्याला काय कळते?

मेळघाटातील काही कोरकू मुले आदिवासी विकास विभागाच्या योजनेतून शहरातील इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत येतात. मी निवृत्त शिक्षिका. अशा एका शाळेच्या वसतिगृहात संध्याकाळी दोन तास मुलांचा अभ्यास घेते. हे माझे चौथे वर्ष.

पहिल्या वर्षी पहिलीत एक मुलगा होता. जूनपासून दिवाळीपर्यंत वर्गात त्याने तोंड उघडले नाही. गणिताच्या पेपरात वजाबाकीची सगळी उत्तरे चुकलेली. वर्गशिक्षिकांनी 'स्लो लर्नर' असा शेरा लिहिला आणि वडिलांना बोलावून मुलाला घरी न्यायला सांगायचे ठरले. मी तरी काय वेगळे करीत होते? "इंग्लिशमध्ये बोल" म्हणून रोज दटावीतच होते.

एका संध्याकाळी तो स्वयंपाकघरामागच्या ओट्यावर गावाकडच्या दुसऱ्या मुलासोबत चिंचोके घेऊन बसला होता. मिया, बारी, आफई असे मोजत होता. मुठीतले दोन काढून घ्यायचा आणि उरलेले किती ते न पाहता सांगायचा. एकदाही चुकला नाही. मी तिथेच उभी राहिले.

मग सातवीतल्या एका कोरकू मुलाला मध्ये घेऊन त्याला पेपर पुन्हा विचारला. 'हाऊ मेनी आर लेफ्ट?' हा प्रश्न आला की तो डावा हात वर करी. कवायतीत 'लेफ्ट, राईट' शिकवले होते ना! सहा वर्षांच्या मुलाने ऐकलेला एकुलता एक अर्थ प्रामाणिकपणे लावला होता. वजाबाकी त्याला येत होती, प्रश्न कळत नव्हता. आणि शेरा लागला होता बुद्धीवर.

आपल्यापैकी पुष्कळांना वाटते की कोरकू ही मराठीचीच एखादी बोली असावी. तसे नाही. ती मुंडा कुळातील भाषा आहे. संताळी, मुंडारी या तिच्या बहिणी झारखंडाकडच्या. पाण्याला कोरकूत 'डा' म्हणतात. म्हणजे इंग्रजी शब्द मराठीत समजावून सांगितला तरी पहिलीतल्या मुलाला तो समजतोच असे नाही. शिडीची खालची पायरीही आपण आपल्याच घरची धरतो. राज्यघटनेच्या ३५०-अ कलमात भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय असावी असे म्हटले आहे. ही मुले मात्र दोन भाषा ओलांडून तिसरीत बसलेली असतात.

व्याकरणाचेही तसेच. 'माय सिस्टर, ही इज कमिंग' असे मुले म्हणतात आणि वहीत लाल रेघ येते. कोरकूत तो आणि ती असा भेद नाही. सजीव की निर्जीव, एवढाच भेद आहे. उलट द्विवचन आहे. 'आपण' आणि 'आम्ही' हा मराठीतला फरकही आहे. इंग्रजीत सगळ्याला मिळून एकच 'वुई'. तेव्हा कमी कोण पडते, हे कुठे उभे राहून पाहता त्यावर आहे. मिशनच्या जॉन ड्रेक यांनी १९०३ मध्येच कोरकूचे व्याकरण छापले होते. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला, आणि मी मात्र त्या भाषेतला एकही शब्द न शिकता अभ्यास घ्यायला गेले होते.

नव्या भाषेत पडलेले मूल पुष्कळदा काही महिने नुसते ऐकत राहते. ते रिकामे बसलेले नसते. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. खेळातले, जेवणाच्या रांगेतले बोलणे दोनेक वर्षांत येते. पुस्तकाची भाषा यायला पाच ते सात वर्षे लागू शकतात. म्हणून मैदानावर फाडफाड इंग्रजी बोलणारा मुलगा विज्ञानात नापास झाला, तर त्याला आळशी म्हणण्याची घाई करू नये.

आम्ही केले ते साधेच. पहिले काही महिने तोंडी उत्तर मागितले नाही. बोट दाखव, चित्र काढ, दोन खडे ताटलीत ठेव, एवढेच. धड्याआधी त्यातले तीन-चार शब्द वस्तू हातात देऊन शिकवले. रूट, स्टेम, लीफ शिकवताना रोपटेच उपटून आणले. मुले त्याला काय म्हणतात ते विचारून भिंतीवरच्या तक्त्यात कोरकू, मराठी, इंग्रजी असे शेजारी शेजारी लिहिले. आपसात कोरकू बोलायची बंदी उठवली. प्रश्न विचारल्यावर मनात दहा अंक मोजून थांबायचे, हे मात्र मला फार जड गेले. शिक्षकाला शांतता सोसत नाही.

वर्गशिक्षिकांकडे मी चिंचोके घेऊनच गेले. त्यांच्या वर्गात पन्नासच्या आसपास मुले; दोष द्यायला गेले नव्हते. त्यांनी स्वतः त्याची परीक्षा घेतली आणि शेरा खोडला. वडील आले तेव्हा पिशवीत त्याचे कपडे न्यायची तयारी करूनच आले होते. पिशवी रिकामीच परत गेली.

तो आता चौथीत आहे. गणित बरे, विज्ञान अजून अडते. माझे पंचवीसेक कोरकू शब्द झाले आहेत, उच्चार चुकला की तोच हसतो आणि म्हणतो, "बाई, परत म्हणा."

यंदा वह्या पुरेशा जमल्या आहेत. आम्हाला हवी आहे ती धारणी किंवा चिखलदरा भागातील, बारावी झालेली एखादी कोरकू मुलगी, रोज संध्याकाळी दोन तास पहिली-दुसरीच्या मुलांसोबत बसणारी. तिच्या वर्षभराच्या मानधनाचा भार कोणी मंडळी किंवा कुटुंब उचलू शकत असेल, तर कार्यालयात जरूर कळवावे.