आकाशाचा कानोसा

पुण्याहून नाशिककडे जाताना आंबेगाव तालुक्यातील मंचर मागे टाकले, की पुढे जुन्नर तालुक्यातील नारायणगाव लागते. तेथून खोडदच्या वाटेस लागावे. हिरव्या शेतांपलीकडे आकाशाकडे तोंड करून उभ्या असलेल्या प्रचंड तबकड्या दिसू लागतात. एकेकीचा व्यास ४५ मीटर! या सर्व मिळून एकच दुर्बीण होते. मात्र तिला डोळा लावावयाचा नसतो. तारे व दीर्घिका यांच्यापासून प्रकाशाप्रमाणेच रेडिओ लहरीही येतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत. या तबकड्या त्यांचा कानोसा घेतात.

ही दुर्बीण ज्यांच्या कल्पनेतून साकार झाली, ते शास्त्रज्ञ म्हणजे गोविंद स्वरूप. त्यांचा जन्म १९२९ साली आजच्या उत्तर प्रदेशातील ठाकुरद्वारा या गावी झाला. अलाहाबाद विद्यापीठातील शिक्षण संपवून १९५३ साली ते ऑस्ट्रेलियास गेले. तेथे सहा फूट व्यासाच्या ३२ तबकड्या मोडीत निघणार होत्या. 'या आमच्या देशास द्या,' अशी विनंती स्वरूप यांनी केली आणि ती मान्य झाली. पुढे अमेरिकेत संशोधन करून डॉ. होमी भाभा यांच्या बोलावण्यावरून ते १९६३ साली मायदेशी परतले. दिल्लीत पडून राहिलेल्या त्या तबकड्या त्यांनी कल्याणजवळ उभारल्या आणि १९६५ साली त्यांनी सूर्याचे निरीक्षण सुरू झाले. दुसऱ्यांनी टाकाऊ ठरविलेल्या वस्तूंतून भारतातील रेडिओ खगोलशास्त्राचा पाया असा घातला गेला.

यानंतर स्वरूप यांनी उटी येथे ५३० मीटर लांबीची दुर्बीण बांधण्याचे ठरविले. त्यासाठी त्यांनी सुमारे ११ अंशांचा डोंगरउतार शोधून काढला. उटीचे अक्षांशही तेवढेच. त्यामुळे दुर्बिणीचा आस पृथ्वीच्या आसास समांतर झाला आणि ती एकाच आसाभोवती फिरवून आकाशातील वस्तूचा मागोवा घेता येऊ लागला. अवघड यंत्राचे काम डोंगरानेच केले! १९७० साली ही दुर्बीण सुरू झाली. चंद्राआड जाणाऱ्या दूरच्या रेडिओ स्रोतांची मापे तिने घेतली. स्रोत जितके क्षीण, तितके ते सरासरीने लहान दिसतात, असे आढळले. विश्व सदैव एकसारखेच राहिले आहे, या मताशी हे जुळेना. विश्व काळाबरोबर बदलत आले आहे, या मतास मात्र त्यामुळे बळ मिळाले.

१९८४ साली स्वरूप यांनी याहून मोठा विचार केला. ४५ मीटर व्यासाच्या भक्कम पत्र्याच्या तबकड्या देशाला परवडण्याजोग्या नव्हत्या. शिवाय त्यांना वाऱ्याचा मोठा मार बसला असता. परंतु ज्या लहरी टिपावयाच्या होत्या, त्यांची लांबी मोठी होती. मोठा मासा जाळ्याच्या बारीक छिद्रांतून निसटत नाही, तशा त्या लहरीही बारीक जाळीतून आरपार जात नाहीत. मग पत्रा हवा कशाला? ताणलेल्या पोलादी दोरांवर तारेची जाळी बसवून हलक्या व स्वस्त तबकड्या तयार झाल्या. अशा ३० तबकड्यांपैकी १४ मध्यभागी आहेत. उरलेल्या १६ तीन दिशांना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरल्या आहेत. २००२ पासून जगभरचे संशोधक या दुर्बिणीचा उपयोग करू लागले.

दूरच्या दीर्घिकांतील हायड्रोजन वायूचा शोध घेणे हा या दुर्बिणीचा एक प्रमुख हेतू होता. ७ सप्टेंबर २०२० रोजी पुण्यात स्वरूप यांचे निधन झाले. पुढे जानेवारी २०२३ मध्ये वार्ता आली, की सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतील हायड्रोजनपासून निघालेल्या लहरी खोडदच्या दुर्बिणीने टिपल्या! वाटेतील दुसऱ्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने त्या सुमारे ३० पट प्रबळ झाल्या होत्या. त्या निघाल्या, तेव्हा आपली पृथ्वीही जन्मली नव्हती. ही वार्ता ऐकावयास स्वरूप नव्हते. पण त्यांनी विणलेली जाळी जागी होती.

साधने थोडी असली, म्हणून मोठे प्रश्न विचारू नयेत असे नाही. मोडीतील तबकड्या, डोंगराचा उतार आणि तारेची जाळी यांतून गोविंद स्वरूप यांनी हेच दाखवून दिले.

स्वाध्याय
१. उटीच्या दुर्बिणीसाठी डोंगरउताराची जागा का निवडली?
२. खोडदच्या तबकड्यांसाठी पत्र्याऐवजी जाळी का चालली?
३. 'त्यांनी विणलेली जाळी जागी होती' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.