गुण कोणाचा – औषधाचा की ऋतूचा?

लंबकाचा आवर्तकाल मोजताना तुम्ही दोऱ्याची लांबी बदलता, पण गोळा तोच ठेवता. दोन्ही एकदम बदलले, तर फरक कशामुळे पडला हे सांगता येणार नाही. आरोग्यविषयक प्रयोगांनाही हाच नियम लागू पडतो. मात्र तेथे तो पाळणे कठीण असते.

समजा, नाशिकच्या एका शाळेत ऑगस्टमध्ये खोकणाऱ्या मुलांना रोज काढा दिला. ऑक्टोबरअखेर बहुतेकांचा खोकला गेला. हा गुण काढ्याचा म्हणावा काय? दरम्यान पाऊस सरला, ओल हटली, ऊन पडले. शिवाय खोकला पुष्कळदा आपोआपही बरा होतो. म्हणून काढा न घेणारा, पण इतर बाबतींत सारखा असा दुसरा गट हवा. त्याला ‘नियंत्रण गट’ म्हणतात. मुलांनी आपखुशीने गट निवडले, तर प्रकृतीला जपणारी मुलेच काढ्याकडे वळतील. म्हणून चिठ्ठ्या टाकून गट पाडणे उत्तम. फरक उपचारामुळेच पडला असे जितक्या खात्रीने म्हणता येते, तितकी प्रयोगाची ‘अंतर्गत वैधता’ अधिक.

आता एक खरा प्रयोग पाहा. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांतील स्त्रियांना नवजात बाळांची घरीच काळजी घेण्यास शिकविले: वजन करणे, ऊब देणे, जंतुसंसर्ग झाल्यास प्रतिजैविके देणे. ४७ गावे नियंत्रण गटात होती. तेथे नेहमीच्या आरोग्यसेवा चालूच होत्या. १९९३–९५ मध्ये दर हजार जिवंत जन्मांमागे पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू पहिल्या गटात ६२ व दुसऱ्यात सुमारे ५८ होते. १९९७–९८ मध्ये पहिल्या गटात ते २५.५ वर आले. दुसऱ्यात सुमारे ६० होते.

दोन्हीकडे मृत्यू सारखेच घटले असते, तर श्रेय चांगल्या पिकाला किंवा नव्या रस्त्यांनाही देता आले असते. तसे घडले नाही. येथे गावे चिठ्ठ्यांनी निवडलेली नव्हती. म्हणूनच आधीचे आकडे जवळपास सारखे असणे महत्त्वाचे ठरले. पुढे २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्यांमार्फत नवजात बाळांची अशी गृहभेट-सेवा सुरू झाली. चुकीच्या उपायाला श्रेय गेले असते, तर किंमत बाळांनी मोजली असती!

आता तुम्ही सांगा: ‘आमची पावडर घेऊन तीन महिन्यांत मुलांची उंची वाढली,’ या जाहिरातीत कोणता गट राहून गेला आहे?